एक कॉम्प्युटर, दोन स्क्रीन आणि हरवलेले अनुस्वार

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेली पाल्हाळ थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. कॉम्प्युटरला दोन स्क्रीन जोडल्या आहेत, एकीवर अक्षर छान दिसतं, दुसरीवर गढूळ दिसतं. किंवा एकीवर जाड, दुसरीवर बारीक. किंवा अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक. ‘थोडं धूसर दिसतं हो, पण चालतंय’ असं म्हणून लोक वर्षानुवर्षं तसंच काम करतात. मीही ‘चालतंय’ म्हणणाऱ्यांतलाच होतो. यात एका बाईंचं काम जवळजवळ गेलं होतं, आणि त्यात माझाही हात होता, म्हणून हा भाग करतोय.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. तीसेक वर्षं प्रूफं वाचतायत. आधी कागदावर गॅल्या यायच्या, आता पीडीएफ येतात. गणपती झाले की दिवाळी अंकांचं काम सुरू होतं आणि दसऱ्यापर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. गेल्या खेपेला एका अंकात एक लेख होता, म्हाताऱ्या आईबद्दल. वाक्य होतं, ‘आईच्या चिंतेनं त्याला झोप लागेना.’ छापून आलं, ‘आईच्या चितेनं त्याला झोप लागेना.’ अख्खा फर्मा छापून झाल्यावर हे लक्षात आलं. लेखकाची आई हयात आहे. पुढचं काय ते तुम्ही समजून घ्या.

बरं, ही एकच चूक असती तर गोष्ट वेगळी. पण त्या अंकात ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ झालेलं, ‘घरं’चं ‘घर’ झालेलं, एके ठिकाणी ‘धन’चं ‘घन’. टाइप करणाऱ्यानं चुका केल्या, त्या होतातच. त्या पकडायला काकू आहेत, आणि काकूंनी पकडल्या नाहीत. प्रकाशक माणूस चांगला आहे, त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाले, काकू, आता डोळ्यांना त्रास होत असेल, पुढच्या वर्षी कुणीतरी नवीन बघू या का? काकूंनी वर्षभरात दोनदा चष्मा बदललेला. मोतीबिंदू आहे का तेही तपासून झालं. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

मला फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. प्रिंटर चालत नव्हता. तो झाला, चहा आला, आणि काकू सहज म्हणाल्या, ‘अरे, एक गंमत सांगू का? मला पेपर वाचताना काही त्रास होत नाही. पंचांग वाचते मी, बारीक टायपातलं. या पडद्यावरच सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं.’

तिथं माझ्या डोक्यात घंटा वाजली. पंचांगाचा टाइप जो वाचू शकतो त्याचे डोळे प्रूफ वाचायला पुरेसे आहेत.

त्यांची मांडणी अशी होती. चौदा इंची लॅपटॉप, नवीन, त्याच वर्षी मुलानं घेऊन दिलेला. त्याला जोडलेला चोवीस इंची जुना मॉनिटर, उभा केलेला. म्हणजे आडवा नाही, नव्वद अंशात फिरवून उभा, कारण अंकाचं अख्खं पान एका नजरेत दिसतं. प्रूफं वाचणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. तर पीडीएफ त्या उभ्या मॉनिटरवर, आणि दुरुस्त्या लिहायची फाइल लॅपटॉपवर.

आता पहिली गोष्ट मी काय केली, आणि ही तुम्हीही करा. तीच पीडीएफची खिडकी माउसनं ओढून लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणली. तिथं अक्षर स्वच्छ. परत मॉनिटरवर नेली, गढूळ. म्हणजे फाइल ठीक, फॉन्ट ठीक. इथं एक सांगून ठेवतो. एकाच कॉम्प्युटरच्या दोन स्क्रीन असतील तर फॉन्ट बदलत नाही. खिडकी इकडून तिकडे नेली म्हणून मंगलचं निर्मला होत नाही. तुम्हाला ‘ल’ किंवा ‘श’ मराठी वळणाचा न दिसता हिंदी वळणाचा दिसत असेल, तर तो प्रश्न प्रोग्रॅमचा किंवा फाइलचा आहे, स्क्रीनचा नाही. दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर मात्र फॉन्ट वेगळा असू शकतो. मंगल विंडोज २००० पासून आहे, निर्मला यूआय विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आला, आणि नव्या विंडोजमध्ये मंगल असेलच असं नाही, तो देवनागरीच्या पुरवणी फॉन्टांत वेगळा घ्यावा लागतो. तो गोंधळ निराळा, त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.

दुसरी गोष्ट, स्क्रीनशॉट. ही युक्ती मला फार आवडते, कारण एका मिनिटात अर्धं जग बाजूला पडतं. गढूळ दिसणाऱ्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो चांगल्या स्क्रीनवर, किंवा सरळ फोनवर पाठवून, मोठा करून बघायचा. स्क्रीनशॉट म्हणजे कॉम्प्युटरनं केबलमध्ये ढकलण्याआधीचं चित्र. स्क्रीनशॉटमध्येच अक्षर गढूळ असेल तर गडबड कॉम्प्युटरच्या आत आहे, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, स्केलिंग वगैरे. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि स्क्रीनवर गढूळ, तर गडबड पुढे आहे, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये. उगाच केबल विकत आणण्याआधी एवढं करा. आणि उगाच विंडोज परत टाकण्याआधी तर नक्कीच करा.

काकूंच्या स्क्रीनशॉटमध्ये अक्षर मऊ होतं, कडा विरघळलेल्या. म्हटलं, सापडलं, गडबड आत आहे. बरोबरही होतं आणि अर्धवटही होतं, ते पुढे कळेल.

आता आत काय होत होतं ते सांगतो. जरा आकडे आहेत, पण सोपे आहेत.

चौदा इंची लॅपटॉपवर १९२० बाय १०८० ठिपके. चोवीस इंची मॉनिटरवरही १९२० बाय १०८० ठिपके. ठिपके तेवढेच, काच मोठी. लॅपटॉपवर एका इंचात साधारण १५७ ठिपके बसतात, मॉनिटरवर साधारण ९२. आता विंडोज काही मोजपट्टी घेऊन अक्षर काढत नाही. ती धरून चालते की एका इंचात ९६ ठिपके आहेत. ही जुनी ठरलेली संख्या आहे. मॉनिटरवर हे जवळपास जमतं. लॅपटॉपवर अक्षर अगदी मुंगीएवढं होईल, म्हणून तिथं विंडोज स्वतःहून म्हणते, स्केल १५० टक्के ठेवा. काकूंच्या लॅपटॉपवर १५० होतं, मॉनिटरवर १००. हे अगदी योग्य होतं. यात काही चुकलेलं नाही.

चुकतं ते प्रोग्रॅमपाशी. नवे प्रोग्रॅम विंडोजला विचारतात, मी आत्ता कुठल्या स्क्रीनवर आहे, तिथं स्केल किती, आणि खिडकी सरकली की अक्षरं नव्यानं आखतात. ही सोय विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, आणि खऱ्या अर्थानं सुधारली ती २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये. पण जुने प्रोग्रॅम एकदाच विचारतात. तुम्ही सकाळी लॉगिन केलंत तेव्हा मुख्य स्क्रीन कुठली होती आणि तिचं स्केल किती, बस. दिवसभर तेच धरून बसतात. काकूंचा पीडीएफ बघायचा प्रोग्रॅम असा जुना होता. मुख्य स्क्रीन लॅपटॉप, स्केल १५०. हा पठ्ठ्या पान १५० टक्क्यांच्या हिशेबानं आखायचा. खिडकी मॉनिटरवर नेली की विंडोज त्या तयार चित्राला दाबून दोन तृतीयांश करायची. अक्षर नव्यानं आखलं जात नाही, अक्षराचा फोटो लहान केला जातो. फोटो लहान केला की कडा मऊ होणारच.

याहून जुने प्रोग्रॅम असतात ते काहीच विचारत नाहीत, ९६ धरून चालतात. आपल्या डीटीपीवाल्यांकडे असे पुष्कळ आहेत. त्यांचं उलट होतं, १०० टक्क्यांच्या मॉनिटरवर स्वच्छ आणि १५० टक्क्यांच्या लॅपटॉपवर गढूळ, कारण तिथं फोटो ताणला जातो. म्हणून लॅपटॉप मुख्य स्क्रीन असताना एक खूण लक्षात ठेवा. फक्त बाहेरच्या मॉनिटरवर गढूळ, तर प्रोग्रॅम लॉगिनच्या वेळचं स्केल धरून बसलाय. फक्त लॅपटॉपवर गढूळ, तर प्रोग्रॅमला स्केलिंग ठाऊकच नाही. एखादाच प्रोग्रॅम असा आणि बाकी सगळे ठीक असतील, तर मॉनिटरला दोष देऊ नका.

उपाय काय? त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या, निम्मे प्रश्न तिथंच संपतात. ते शक्य नसेल तर प्रोग्रॅमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथं कंपॅटिबिलिटी, तिथं खाली हाय डीपीआयची सेटिंग्ज असं एक बटण आहे. त्यात स्केलिंग कुणी करायचं ते निवडता येतं, प्रोग्रॅमनं, विंडोजनं, की विंडोजच्या सुधारित पद्धतीनं. तिन्ही करून बघायचे, प्रत्येक वेळी प्रोग्रॅम बंद करून परत उघडायचा. जुन्या साध्या प्रोग्रॅमना तिसरा पर्याय पुष्कळदा लागू पडतो. ‘प्रोग्रॅमनं’ हा पर्याय निवडला की कधी अक्षर स्वच्छ होतं पण बटणं इवलीशी होतात. मग काय महत्त्वाचं ते तुम्ही ठरवा.

मी त्यातलं काही केलं नाही. त्याहून सोपं होतं. काकू वाचतात मॉनिटरवर, मग मुख्य स्क्रीन मॉनिटरच करू या. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मॉनिटर निवडला, ‘हीच मुख्य स्क्रीन’ अशी खूण केली. आणि काहीच फरक पडला नाही. काकू माझ्याकडे बघतायत. मग आठवलं, आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, लॉगिनच्या वेळचं स्केल. साइन आउट करून परत आत यायला हवं. नुसता प्रोग्रॅम बंद-चालू करून भागत नाही. इथं लोक फसतात, सेटिंग बदलतात, फरक दिसत नाही म्हणून परत पूर्वीसारखं करून टाकतात. म्हणजे औषध घेतलं आणि पाच मिनिटांत थुंकून टाकलं.

साइन आउट केलं, परत आलो. स्क्रीनशॉट घेतला, फोनवर मोठा करून बघितला. स्वच्छ! अक्षराची कड चाकूनं कापल्यासारखी. मी खुशीत काकूंना म्हटलं, बघा आता. काकूंनी चष्मा पुसला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘थोडं बरं आहे रे. पण अजून काही ओळी जाड आणि काही फिक्या का दिसतात?’

मी वाकून बघितलं. खरंच. एकाच पानावर, एकाच फॉन्टमध्ये, एका ओळीची शिरोरेषा ठसठशीत काळी, तिच्या खालच्या ओळीची करडी आणि पसरलेली, मग परत काळी. आणि स्क्रीनशॉट तर स्वच्छ! मग गडबड बाहेर. केबल बघितली, ठीक. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशनचा आकडा बघितला आणि माझाच चेहरा उतरला. १६०० बाय ९००.

ते मी केलेलं होतं. मागे एकदा काकू म्हणाल्या होत्या, अक्षर जरा मोठं करून दे रे. मी घाईत होतो. रिझोल्यूशन खाली आणलं, अक्षर मोठं झालं, काकू खूश, मी निघालो. असं आपल्याकडे सर्रास करतात. दुकानात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात बघा, निम्म्या मॉनिटरवर असं केलेलं सापडेल. आणि ते चूक आहे.

का चूक? मॉनिटरच्या काचेत ठिपके पक्के बसवलेले आहेत, १९२० बाय १०८०. ते काही कमी होत नाहीत. कॉम्प्युटर १६०० बाय ९०० चं चित्र पाठवतो, मॉनिटरला ते आपल्या काचेवर पसरायचं असतं. १६०० चे १९२०, म्हणजे पाचाचे सहा. पाच भाकऱ्या सहा जणांत वाटायच्या, तर कुणाच्याच पानात अख्खी भाकरी येत नाही, तुकडे होतात. तसं होतं. एक ठिपका जाडीची शिरोरेषा एखाद्या ओळीत नेमकी एका ठिपक्यावर बसते, ती काळी दिसते. दुसऱ्या ओळीत दोन ठिपक्यांत विभागली जाते, ती करडी आणि पसरट दिसते. जाड-फिकं, जाड-फिकं अशी ही पुनरावृत्ती दिसली की समजायचं, मॉनिटर ताणतोय. जुन्या काचेच्या पोटवाल्या मॉनिटरला हे चालायचं, तिथं पक्के ठिपके नव्हते. एलसीडीला नाही चालत.

अक्षर मोठं हवं तर रिझोल्यूशनला हात लावायचा नाही. ते ‘शिफारस केलेलं’ जे असेल तेच ठेवायचं आणि स्केल वाढवायचं. मी रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं आणि मॉनिटरचं स्केल १२५ टक्के. अक्षर आधीपेक्षा किंचित मोठंच झालं, आणि आता प्रत्येक अक्षर काचेच्या खऱ्या ठिपक्यांवर आखलेलं.

म्हणजे विचार करा, काकूंपर्यंत पोचणारं अक्षर कसं येत होतं. प्रोग्रॅम लॅपटॉपच्या मापानं आखायचा, विंडोज त्याला दाबून दोन तृतीयांश करायची, आणि मग मॉनिटर त्याला परत ताणून सव्वापटीच्या आसपास न्यायचा. दाबलेलं अक्षर परत ताणलेलं. त्यात अनुस्वार शोधा म्हणायचं.

इथं थोडं थांबतो, कारण हा आपल्या लिपीचा खास प्रश्न आहे. इंग्रजी मजकूर असता तर काकूंना थोडा त्रास झाला असता, पण अर्थ बदलला नसता. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षरं. एवढं सगळं त्याच उंचीत बसवायचं, त्यामुळे त्याच पॉइंट साइझला आपलं मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान पडतं. अकरा पॉइंटचं अक्षर १०० टक्क्यांवर म्हणजे उंचीला साधारण पंधरा ठिपके. त्यात अनुस्वाराच्या वाट्याला येतात एक-दोन ठिपके. एक-दोन! ते गढूळ झाले की काळा ठिपका करडा होतो आणि वरच्या मात्रेत मिसळून जातो. आणि ‘घ’ आणि ‘ध’ बघा, ‘म’ आणि ‘भ’ बघा. ‘ध’ आणि ‘भ’ला डोक्यावर शिरोरेषेत छोटीशी फट असते. ती फट भरली की ‘ध’चा ‘घ’ दिसतो आणि ‘भ’चा ‘म’. काकूंच्या सुटलेल्या चुकांची यादी मी नंतर मागून घेतली. जवळजवळ सगळ्या अनुस्वाराच्या आणि ‘घ-ध’च्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक एखाददुसरी. ज्याचं लक्ष उडालंय त्याच्या चुका कुठल्याही असतात. या चुका एकाच जातीच्या होत्या.

अजून एक गोष्ट शिरोरेषेबद्दल, कारण ‘एका स्क्रीनवर मराठी बोल्ड दिसतं आणि दुसरीवर साधं’ असं विचारणारे बरेच जण असतात. विंडोजची अक्षर आखायची जुनी पद्धत आडव्या दिशेनं अक्षर गुळगुळीत करते, उभ्या दिशेनं नाही. शिरोरेषा तर आडवी रेघ. तिची जाडी पूर्ण ठिपक्यांतच मोजली जाते, एक किंवा दोन, दीड नाही. १०० टक्क्यांवर एक ठिपका, स्केल वाढवलं की कुठंतरी ती एकदम दोनवर उडी मारते. त्यामुळे तोच फॉन्ट एका स्क्रीनवर सडपातळ आणि दुसरीवर जाडजूड. हा बिघाड नाही. ब्राउझर आणि नवे प्रोग्रॅम दुसरी पद्धत वापरतात, तिच्यात उभ्या दिशेनंही गुळगुळीत होतं, म्हणून ब्राउझरमधलं मराठी आणि जुन्या प्रोग्रॅममधलं मराठी शेजारी ठेवलं तरी वेगळं दिसतं. एकाच स्क्रीनवर सुद्धा.

बरं, काकूंकडे परत. आता ओळी एकसारख्या दिसायला लागल्या. पण अक्षरांच्या कडेला काहीतरी रंगीत आहे असं त्या म्हणाल्या. नजर बघा बाईंची! दोनदा चष्मा बदलायला लावला लोकांनी.

ते क्लिअरटाइपमुळे. मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये जाहीर केलेली युक्ती. एलसीडीचा प्रत्येक ठिपका खरं तर तीन उभ्या पट्ट्यांचा असतो, लाल, हिरवी, निळी, शेजारी शेजारी. क्लिअरटाइप त्या पट्ट्या सुट्ट्या वापरून अक्षराची कड एका ठिपक्याच्या तिसऱ्या भागापर्यंत अचूक बसवतं. डोळ्याला रंग जाणवत नाही, नुसतं अक्षर रेखीव वाटतं. पण हे सगळं पट्ट्या उभ्या आहेत असं धरून. काकूंनी मॉनिटरच फिरवला. पट्ट्या आडव्या पडल्या, विंडोज अजून उभ्याच समजून रंग भरतेय. तो हिशेब चुकतो आणि रंग उघडे पडतात. नव्या ओएलईडी मॉनिटरवरही काहींना अशी रंगीत कड दिसते, कारण तिथं रंगांच्या ठिपक्यांची मांडणीच वेगळी असते, काहींत तर त्रिकोणी.

विंडोजच्या सर्चमध्ये क्लिअरटाइप असं टाइप केलं की एक छोटा प्रोग्रॅम उघडतो. प्रत्येक स्क्रीनसाठी मजकुराचे नमुने दाखवतो, त्यातला बरा दिसेल तो निवडायचा. हे त्या स्क्रीनवर रोज बसणाऱ्यानं करायचं, दुरुस्त करायला आलेल्यानं नाही, डोळे त्याचे नाहीत. उभ्या मॉनिटरवर मात्र यातून पूर्ण समाधान होत नाही. क्लिअरटाइप बंद करता येतं, पण ते सगळ्या स्क्रीनसाठी बंद होतं, मग लॅपटॉपवरचं अक्षरही बदलणार. काकूंच्या पीडीएफच्या प्रोग्रॅममध्ये अक्षर गुळगुळीत करायचं स्वतःचं वेगळं सेटिंग होतं. तिथं एलसीडीऐवजी साध्या मॉनिटरसाठीचा पर्याय निवडला. त्यात रंग वापरत नाहीत, फक्त काळ्या-करड्या छटा. रंगीत कड गेली, आणि बाकी कशाला हात लावावा लागला नाही.

हे सगळं मिळून पाऊण तास लागला. खर्च शून्य.

टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण घरून काम सुरू झाल्यापासून असे बरेच जण आहेत. टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं ताणतो, सवय असते त्याला. रिमोटवर चित्राच्या आकाराचं सेटिंग शोधा, ‘जसं आहे तसं’ दाखवणारा पर्याय असतो, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. शार्पनेस खाली आणा, नाहीतर काळ्या अक्षराभोवती पांढरं वलय दिसतं. आणि लाल अक्षर निळ्या पार्श्वभूमीवर लिहून बघा. काळं-पांढरं स्वच्छ पण लाल-निळं चिखलासारखं दिसत असेल, तर सिग्नलमध्ये रंगाची माहिती कमी करून पाठवली जातेय. सिनेमाला ते कळत नाही, अक्षराला कळतं. जुन्या केबलवरून फोर-के चालवताना हे होतं. टीव्हीच्या त्या एचडीएमआय जोडणीला ‘पीसी’ असं नाव दिलं की काही टीव्ही स्वतःच सुधारतात. गंमत आहे, पण खरं आहे.

आणि कुणाकडे अजून निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर आधी मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. त्यानंतरही अक्षराला सावली दिसली तर केबल बदला, मॉनिटरला डीव्हीआय किंवा एचडीएमआय असेल तर तीच वापरा.

आता काकूंचं. मी निघायच्या तयारीत होतो, त्या म्हणाल्या थांब. त्यांनी तो आईचा लेख असलेली जुनी पीडीएफ उघडली, छापायला गेलेली तीच. बसल्या वाचायला. मी उभाच. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट ठेवलं, ‘चितेनं’. मग बोट खाली सरकत गेलं. त्याच पानावर आणखी तीन सापडल्या, ज्या लेखकालाही दिसल्या नव्हत्या आणि प्रकाशकालाही. त्या काही बोलल्या नाहीत. दोन्ही चष्मे टेबलावर होते, नवा आणि त्याच्या आधीचा. आधीचा लावून बघितला, मग परत नवा, मग परत आधीचा.

‘हा जुना चांगला होता की रे,’ एवढंच म्हणाल्या.

प्रकाशकांना मी स्वतः फोन केला. १६०० बाय ९०० मी केलं होतं हेही सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, आमच्या ऑफिसातल्या स्क्रीनही एकदा बघून जा. गेलो. पाचांपैकी तीन मॉनिटर तसेच निघाले.

यंदाचं काम काकूंकडेच आहे. सध्या गणपतींची गडबड आहे, पण पहिल्या गॅल्या आल्यात म्हणे.

तर मंडळी, तुमच्याकडे अशी जोडी असेल आणि हे सगळं करूनही अक्षर सुधारत नसेल तर मला दोन गोष्टी पाठवा. एक स्क्रीनशॉट, आणि एक फोनच्या कॅमेऱ्यानं अगदी जवळून काढलेला स्क्रीनचा फोटो. दोन्ही लागतील. का, ते तुम्हाला आता माहीत आहे. सोबत दोन्ही स्क्रीनचं रिझोल्यूशन, स्केल आणि मुख्य स्क्रीन कुठली तेही लिहा. आणि मॉनिटर फिरवला असेल तर ते सांगायला विसरू नका, लोक नेमकं तेच सांगत नाहीत.

पुढच्या भागात भेटू.